जल्लाद मोहिते यांचे चारित्र्य

आमच्या हितवर्धक मराठी मंडळाला चारित्र्याची फार आवड आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या. दर हनुमान जयंतीला आम्ही एक चारित्र्यसंपन्न बडोदेकर शोधून काढतो, त्याच्या खांद्यावर शाल टाकतो, हातात नारळ देतो आणि काचेच्या चौकटीतलं मानपत्र वाचून दाखवतो. याला 'शीलगौरव पुरस्कार' म्हणतात. मी, दत्तात्रेय पाठक, निवृत्त भूगोलशिक्षक, गेली एकोणीस वर्षं मंडळाचा चिटणीस आहे. त्यामुळे निवडीचे निकष मला तोंडपाठ आहेत. उमेदवार साठीच्या पुढचा असावा, म्हणजे यापुढे त्याच्या हातून काही घडण्याची भीती नसते. त्याला शत्रू नसावेत, म्हणजे त्याने आयुष्यात काही केलेलं नसावं. आणि समारंभाला त्याने वेळेवर यावं, कारण आमचे अध्यक्ष जयवंतराव यांना साडेआठला जेवायची सवय आहे.

विश्वंभर मोहिते या यादीत बसण्यासारखा नव्हता. एक तर तो चव्वेचाळीस वर्षांचा. दुसरं म्हणजे आठवडाभर तो वाघोडियाच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात फिटर, आणि शनिवारी संध्याकाळी जल्लाद.

हे नीट सांगायला हवं. आणंदच्या एका गृहस्थांनी नवरात्रातले ऑर्केस्ट्रे बंद पडल्यावर कुस्तीच्या खेळांची कंपनी काढली. गावोगावी मैदानात चौकोनी रिंग लावायची, दिवे सोडायचे, आणि दोन माणसं एकमेकांना आपटतायत असं दाखवायचं. त्यात एक चांगला असतो आणि एक वाईट. विश्वंभर वाईट. काळा मुखवटा, त्यावर रंगवलेली लाल जीभ, गळ्यात साखळी. दर शनिवारी तो आधी दगाफटका करायचा, मग लोकांच्या शिव्या खायचा आणि शेवटी हरायचा. त्याला हरवणारा 'गुर्जर सिंह' हा नडियादचा मोबाईलची कव्हरं विकणारा एक किडकिडीत मुलगा होता. त्या मुलाला डोक्यावर उचलून घेणं विश्वंभरला जमलं असतंच, पण त्या मुलाने आपल्याला उचललं असं दाखवणं त्याला जास्त छान जमायचं.

रविवारी सकाळी त्याची बायको अहल्या तो मुखवटा धुऊन घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या आपल्या गॅलरीत दोरीवर वाळत घालायची, दोन साड्यांच्या मधे. खालून जाणारे आमच्या मंडळाचे सभासद वर बघायचे आणि मान खाली घालायचे. एकेकाळी संस्थानात ज्यांच्या आजोबांनी खातीच्या खाती सांभाळली, त्यांच्या नातवंडांना वर मुखवटा बघून खाली चालावं लागावं, हे दुःख काही थोडं नव्हे.

हेच सभासद पाय मुरगळला की लंगडत त्याचाच जिना चढायचे. पहिलवानाने हाड बसवायचं ही आपल्याकडची जुनी रीत, आणि बडोद्यात क्ष-किरणांची दुकानं गल्लोगल्ली झाली तरी ती गेलेली नाही. विश्वंभरचा हात फार हलका. तो माणसाशी भलत्याच विषयावर बोलत राहायचा आणि बोलता बोलता सांधा जागेवर गेलेला असायचा. मग मैदा लकडीचा लेप. त्याबद्दल तो शनिवारी मारुतीला एक नारळ चढवायला सांगायचा, तोही लोक विसरायचे. जयवंतरावांचा उतरलेला खांदा त्यानेच बसवला होता. पण जयवंतराव गेले होते ते पोळेच्या मागच्या तोंडाने, डोक्यावर टोपी ओढून. गुत्त्यावर जाणारी माणसंसुद्धा हल्ली एवढी लाजत नाहीत.

आणि मुली. मंडळाच्या सभागृहामागे एक जुना आखाडा आहे. आम्ही त्यात मोडक्या खुर्च्या ठेवत होतो. विश्वंभरने चार वर्षांपूर्वी माझ्याकडे किल्ली मागितली, खुर्च्या एका कोपऱ्यात रचल्या आणि सकाळी सहाला मुलींचा वर्ग सुरू केला. अकरा मुली. त्याचा नियम एकच होता: दार उघडं राहील आणि एकीची तरी आई बाकावर बसलेली असेल. पहिला महिना तो फक्त पडायला शिकवायचा. त्यातली एक आई, सुनेत्रा, इस्पितळात परिचारिका होती. ती रात्रपाळी संपवून थेट बाकावर यायची आणि तिथेच झोपून जायची. ज्या बापांना मुलगी शेजारच्या मुलाशी बोललेली खपत नव्हती, त्यांनी आपल्या मुली एका जल्लादाकडे कुस्ती शिकायला पाठवल्या होत्या. याला मी चारित्र्य म्हणेन. मंडळाने म्हटलं नसतं. विश्वंभर माझा विद्यार्थी, नववीत मी त्याला भूगोलात नापास केला होता, आणि तेव्हापासून तो माझ्याशी फार आदराने वागत आला. वर्ग म्हणजे त्याचा जीव होता. एकदा मला म्हणाला होता की शनिवारी लोक शिव्या देतात ते चालतं, कारण सोमवारी सकाळी मुली असतात.

या वर्षीचा शीलगौरव विश्वासराव निंबाळकरांना ठरला. हे खरे पहिलवान. वय एकसष्ट, १९८५ सालचं राज्य पातळीवरचं पदक, मिशा अजून काळ्या (त्यांच्या मते), आणि कारेलीबागेत स्वतःची व्यायामशाळा. माणूस सरळ, पण पदक मिळाल्यापासून थोडा ताठ. निवड एकमताने झाली, कारण दुसरं नाव कोणी आणलंच नव्हतं.

घोळ झाला तो जयवंतरावांच्या प्रतिभेमुळे. त्यांना वाटलं की नुसती शाल काय घालायची, कुस्ती ठेवू. एका बाजूला शीलवान विश्वासराव आणि दुसऱ्या बाजूला मुखवट्यातला जल्लाद. सत्याचा असत्यावर विजय. मी विचारलं की साहेब, सत्याचं वय एकसष्ट आहे, असत्याचं वजन पंच्याण्णव किलो आहे, विजय कसा व्हायचा? तर म्हणाले, "ते तुम्ही बघा ने, पाठक." अध्यक्षांना तपशिलात शिरायचं नसतं. ती त्यांच्या घराण्याची परंपरा आहे.

मी बघितलं. म्हणजे विश्वंभरकडे गेलो आणि हरायला सांगितलं. त्याला हरण्याचं काहीच नव्हतं, तो त्याचा धंदाच. पण तो म्हणाला की आपण वस्तादांकडे जाऊन बोलू, त्यांना न सांगता ठरवणं बरं नाही. मग आम्ही दोघं कारेलीबागेत गेलो. विश्वासरावांनी ऐकून घेतलं. भिंतीवरच्या पदकाकडे बघत बसले. मग म्हणाले की मी उभ्या आयुष्यात एक कुस्ती ठरवून केली नाही.

"नका करू," मी म्हणालो, कारण मला घरी जायचं होतं.

पण त्यांना टाळ्या हव्या होत्या. त्यात माझ्या मते काही पाप नव्हतं. पस्तीस वर्षं ज्याने हलगीच्या तालावर मातीत पाय ठेवला नाही, त्याला एकदा पुन्हा लोकांसमोर उभं राहावंसं वाटलं. फक्त कोणाला कळता कामा नये, एवढंच ते म्हणाले, आणि ते म्हणतानाच त्यांचा चेहरा उतरला. विश्वंभरने त्यांच्या पायांना हात लावला.

"वस्ताद, ही गोष्ट तुमच्या, माझ्या आणि सरांच्या बाहेर जाणार नाही. माझा शब्द."

माझ्याकडे दोघांनी बघितलं. मीही शब्द दिला. शिक्षकाचा शब्द, त्यात काय जातं.

मग त्यांनी तिथेच सराव केला. विश्वासरावांनी हात धरून कमरेवरून ओढायचं, विश्वंभरने स्वतःच उडी घेऊन पाठीवर पडायचं. ओढणाऱ्याला जोर लागत नाही, पडणाऱ्यालाच लागतो. विश्वंभरने एकच गोष्ट तीनदा सांगितली, की वस्ताद, उचलायचं नाही. त्यांच्या मानेचे मणके झिजलेले आहेत हे त्याला माहीत होतं, कारण तोच त्यांना तेल लावायचा. विश्वासराव तीनदा हो म्हणाले.

हनुमान जयंतीच्या संध्याकाळी आखाड्याभोवती पाचशे माणूस जमलं. एरवी आमच्या कार्यक्रमाला साठ असतात आणि त्यातले वीस प्रसादाचे. मी वेळ बघायच्या टेबलाशी बसलो होतो, आखाड्यापासून चार हातांवर. जयवंतरावांनी ध्वनिक्षेपक स्वतःकडे घेतला होता, कारण सत्याचा विजय ते स्वतः जाहीर करणार होते. जल्लाद साखळी खुळखुळवत आला तेव्हा लोकांनी मनापासून हाय हाय केलं. त्याच्या वर्गातल्या मुलींनी सगळ्यांत जास्त केलं, त्यांना मजा येत होती. विश्वासराव शाल आणि मानपत्र घेऊन झाल्यावर लंगोट कसून आले, माती कपाळाला लावली, आणि हलगी सुरू झाली.

आता पहिलवान माणसाचं असं असतं की हलगी वाजली की त्याचं वय उतरतं आणि अक्कलही. पहिली दोन मिनिटं सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. मग मागून कोणीतरी ओरडलं, "वस्ताद, कलाजंग." कलाजंग म्हणजे समोरच्याला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलून मागे टाकायचा. १९८५ चं पदक विश्वासरावांनी याच डावावर घेतलं होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं की आता हा माणूस कारेलीबागेत नाही, १९८५ मध्ये आहे. ते खाली वाकले, विश्वंभरच्या मांडीत हात घातला आणि पंच्याण्णव किलो उचलले.

अर्धे उचलले. मग गुडघा गेला. ते पुढे कोसळले, डोकं खाली, आणि वरून सगळा विश्वंभर.

पुढचं मी चार हातांवरून पाहिलं. विश्वंभरने हवेतच अंग वळवलं, उजवा हात मोकळा करून विश्वासरावांच्या डोक्याखाली घातला, आणि स्वतः डाव्या खांद्यावर आपटला. हाड सुटल्याचा आवाज मला ऐकू आला. त्या अवस्थेत तो त्यांची मान हातात धरून हळूच म्हणाला, "मान सैल सोडा, वस्ताद. मी आहे." एवढं ऐकणारे तिघंच होतो आम्ही.

लोकांना दिसलं ते वेगळं. कोलांटी खाऊन उताणे पडलेले विश्वासराव, छातीवर जल्लाद आडवा, आणि त्याचा हात त्यांच्या गळ्याभोवती. म्हणजे चीतपट, तेही स्वतःच्या सत्कारात. त्यात जयवंतराव ध्वनिक्षेपकात ओरडले, "अरे, गळा सोड त्यांचा." पाचशे माणसांनी एका क्षणात निकाल दिला. असत्याने सत्याचा गळा धरला होता, आणि त्याचं समालोचन स्वतः अध्यक्षांनी केलं होतं.

विश्वासरावांची मान मोडली नाही. लचकली. डॉक्टरांनी तीन आठवड्यांचा पट्टा दिला आणि म्हणाले की थोडक्यात वाचलात. थोडक्यात म्हणजे नक्की कशामुळे, हे कोणी विचारलं नाही. विश्वंभर आपला खांदा एका हाताने धरून रिक्षात बसला, मुखवटा तसाच. रिक्षावाल्याने दुप्पट भाडं घेतलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती चित्रफीत सगळ्यांच्या मोबाईलवर होती. जल्लादाला पुरस्काराचा जळफळाट झाला, त्याने डूख धरला, ठरवून मान मोडायला गेला, अशी तीन-चार कारणं लोकांनी शोधली. आणंदच्या मालकांना तर आनंदाचं भरतं आलं. त्यांनी नवे फलक छापायला टाकले: असली जल्लाद, ज्याने खरोखर मान मोडली. चारित्र्य गेलं तसा विश्वंभरचा भाव वाढला. त्याने फोन करून फलक थांबवायला लावले आणि कंपनी सोडली. आपल्यात मान मोडणारा चालत नाही, एवढंच त्याने मालकांना सांगितलं, आणि मालकांना ते कळलं नाही.

संध्याकाळी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. विश्वंभर दुखरा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून उभा होता. त्याला कोणी बस म्हणालं नाही. जयवंतरावांनी विचारलं की हे तू मुद्दाम केलंस का.

"हात चुकला," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

मी इतिवृत्त लिहीत होतो. माझ्याकडे त्याने एकदाच बघितलं, आणि ते 'बोला' असं नव्हतं, 'बोलू नका' असं होतं. मी आज्ञाधारक माणूस. तोंडात मिठाची गुळणी धरून मी लिहिलं: श्री. मोहिते यांनी चूक कबूल केली, सबब आखाड्याची किल्ली परत घेण्यात येत आहे. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. विश्वंभरने किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि गेला. विश्वासराव कारेलीबागेत पट्टा लावून पडले होते. त्यांनी त्याच्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. त्याच्या बाजूनेही नाही.

मुलींचा वर्ग बंद. तशीही सात मुलींची नावं पालकांनी त्याच दिवशी काढून घेतली होती.

मी सकाळी सहाच्या सुमारास दूध आणायला जातो. तिसऱ्या दिवशी बघतो तर विश्वंभर आखाड्याच्या कुलूप लावलेल्या दाराबाहेर पायरीवर बसलेला. चौथ्या दिवशीही. मी विचारलं की इथे काय करतोस. म्हणाला, "काही नाही सर, सवय. कोणी आली चुकून तर दार बंद बघून परत जायला नको." साडेसातला उठून तो कारखान्याच्या बसकडे गेला. कोणी आलं नव्हतं. पाचव्या दिवसापासून मी दूध दुसऱ्या रस्त्याने आणायला लागलो. पाठक घराण्याने अडचणीच्या प्रसंगी नेहमी दुसरा रस्ता घेतलेला आहे.

पण सुनेत्राने मला मांडवीजवळ गाठलंच. पांढऱ्या गणवेशात होती, डोळे तारवटलेले. म्हणाली, "सर, खरं बोला ने. माझी पोर, श्रद्धा, रोज रडते. मी तिला परत त्यांच्या हातात देऊ की नको?"

मी म्हणालो की समिती विचार करते आहे.

"समितीला नाही विचारलं मी," ती म्हणाली. "तुम्ही तिथे बसला होता."

मला लाज वाटली. साध्या शब्दांत सांगतो, दुसरं काही वाटलं नाही, लाजच वाटली. रात्रभराची पाळी करून आलेली बाई माझ्यासमोर उभी होती, आणि मी, ज्याने सगळं पाहिलं, ऐकलं, ठरवलंही, तिला समितीचा पत्ता सांगत होतो. त्या क्षणी मी ठरवलं की बास. सत्य सांगायचं. आणि एकदा सत्य सांगायचं ठरवल्यावर माणसाला जे होतं ते मला झालं. मी त्याची तयारी करायला लागलो. भाषण लिहून काढलं, दोनदा सुधारलं. कुठे थांबायचं तिथे खुणा केल्या.

वर्ग कायमचा बंद करायचा ठराव सर्वसाधारण सभेत यायचा होता. सभागृह भरलं होतं, कारण लोकांना पुन्हा काहीतरी पडेल अशी आशा होती. मी उठलो आणि सगळं सांगितलं. ही कुस्ती मंडळाने ठरवलेली होती. विश्वंभरला हरायला मीच सांगितलं होतं. त्याने तीनदा बजावूनही विश्वासरावांनी डाव बदलला. ज्या हाताला तुम्ही गळा धरणारा म्हणता, त्या हातामुळे ते आज जिवंत आहेत, आणि त्यापायी याचा स्वतःचा खांदा गेला. हा माणूस गप्प राहिला, कारण त्याने वस्तादांना शब्द दिला होता. शेवटी मी म्हणालो की शीलगौरव द्यायचाच असेल तर तो पायरीवर बसला आहे.

तिथे मी थांबलो. खूण केली होती.

टाळ्या अशा पडल्या की काय सांगू. भूगोल शिकवताना सदतीस वर्षांत मला एक टाळी मिळाली नव्हती. बायका डोळे पुसत होत्या. जयवंतरावांनी आपल्याला आधीपासून शंका होतीच असं जाहीर केलं. ठराव बारगळला, किल्ली देण्याचा नवा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि सोमवारी सकाळी सहाला अकराच्या अकरा मुली हजर होत्या. शिवाय तीन नव्या.

विश्वंभर सभेला आला नव्हता. त्याला कोणीतरी माझ्या भाषणाची चित्रफीत पाठवली असेलच. मी दोन दिवस त्याची वाट बघितली. तो पेढे घेऊन येईल असं मी म्हणत नाही, पण येईल असं वाटलं होतं. आठवडा गेला. मग मला वाटलं की संकोचला असेल, आपणच जावं. मोठ्या माणसाने अशा वेळी मन मोठं करावं.

अहल्येने दार उघडलं. बसा म्हणाली, पण पाण्याचं विचारलं नाही. घडियाळी पोळेत मराठी घरात आलेल्याला पाणी न विचारणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसालाच कळेल. ते वस्तादांकडे आहेत, म्हणाली. रोज वर्ग झाला की जातात, कारखान्यात रजा टाकली आहे.

आणि मग तिने मला जे सांगितलं ते मला ठाऊकच होतं. माझ्याही मोबाईलवर ते आलेलं होतं. मी फक्त त्याकडे नीट बघितलं नव्हतं, कारण मंडळाच्या त्याच गटावर माझ्या भाषणाचं कौतुक चाललेलं होतं. मंडळींनी जल्लादाला सोडलं आणि त्याच दातांनी विश्वासरावांना धरलं. 'ठरवून कुस्ती, तरीही चीत.' 'शील सांभाळा, गुडघा सांभाळा.' कोणीतरी विचारलं होतं की १९८५ चं पदकही ठरवूनच होतं का, आणि त्याखाली हसणारे चेहरे, एकेचाळीस. त्यातला एक जयवंतरावांचा. व्यायामशाळेतल्या पोरांनी एकमेकांना उचलून कोसळण्याचा खेळ सुरू केला होता. विश्वासराव आठ दिवस घराबाहेर पडले नव्हते. भिंतीवरचं पदक त्यांनी काढून ठेवलं होतं. मानपत्राची चौकट आणि शाल त्यांनी पिशवीत घालून मंडळाच्या पहारेकऱ्याकडे परत पाठवली होती. ती पिशवी माझ्याच टेबलाखाली होती. मी तिला पाय लागतो म्हणून बाजूला सारलं होतं.

मी कारेलीबागेत गेलो. जिना चढलो. दार उघडंच होतं. विश्वासराव पाटावर भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि विश्वंभर एका चांगल्या हाताने त्यांच्या मानेला तेल लावत होता. दुसरा झोळीत. तो त्यांच्याशी कारखान्यातल्या एका नव्या पंपाबद्दल काहीतरी बोलत होता. विश्वासराव ऐकत होते की नाही कळत नव्हतं. त्यांच्या मिशा पांढऱ्या झालेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या. भिंतीवर नुसता खिळा होता.

मला बघून विश्वंभर उठला, हात फडक्याला पुसला आणि बाहेर जिन्याच्या कठड्याशी आला. दार त्याने मागे ओढून घेतलं. पाया पडायला वाकला नाही. नववीपासून तो दर भेटीत वाकत आला होता.

मी म्हणालो की मुली आल्या ना परत. तो हो म्हणाला. नव्या तीनही आल्यात म्हणे. हो, त्या पण चांगल्या आहेत, तो म्हणाला. मी म्हणालो की मग झालं तर, मी बोललो नसतो तर तो वर्ग कायमचा गेला असता. तुझं नाव गेलं असतं.

"माझं जातच होतं, सर," तो म्हणाला. "ते मी बघितलं असतं. मला शनिवारची सवय होती. त्यांना नव्हती."

मी म्हणालो की खरं ते खरं. कोणीतरी ते बोलायलाच हवं होतं.

त्याने दार नीट लागलंय का ते बघितलं. मग आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "बोलायचं होतं तर दुसऱ्या दिवशी बोलायचं होतं, मला विचारून, त्यांना विचारून. त्यांनी स्वतः सांगितलं असतं, सर. ते रोज म्हणत होते की पट्टा निघाला की सभेत येऊन सांगतो. दोन दिवस उरले होते." त्याने झोळीतला हात जरा सरळ केला. "मी पंच्याण्णव किलोचा, त्यांच्यावर पडत होतो, तरी त्यांना अलगद खाली ठेवलं. तुम्ही बसल्या जागेवरून आपटलंत."

तेल थंड होतंय म्हणाला आणि आत गेला.